तिसरा नंबर

एक्केचाळीस कॉल आले होते आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस उचलले गेले होते. योगिनी मेस्त्रीने तो आकडा बघितला आणि क्षणभर तिला बरं वाटलं. दुसऱ्या क्षणी मात्र तिने तो परत तपासला, कारण अकरा वर्षांत तिने असा आकडा कधी पाहिला नव्हता. फोन म्हटला की चार वाजून वाजून बंद होतात, दोन मध्येच तुटतात. सगळेच्या सगळे उचलणारं माणूस कुठल्याही ऑफिसात नसतं.

ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. पाच माणसं आणि अठरा ठिकाणचे टेलिफोन. जुनी एक्स्चेंज काढायची, तिच्या जागी इंटरनेटवरून फोन चालवणारा गेटवे बसवायचा, आणि आलेला कॉल आधी कुठे वाजेल, तिथे कुणी उचलला नाही तर पुढे कुठे जाईल, ते नियम त्यात भरायचे. नियम भरणं हे योगिनीचं काम. ती समोर बघत होती तो अहवाल कल्याणच्या एका डायलिसिस सेंटरचा होता. तीन आठवड्यांपूर्वी तिनेच तिथे गेटवे बसवला होता. पहिला मार्ग काउंटर. काउंटर गुंतलेला असला तर दुसरा मार्ग, नर्सची खोली. तिथेही कुणी उचलला नाही तर तिसरा मार्ग, बाहेरचा एक नंबर. एक्केचाळीस कॉल त्या तिसऱ्या मार्गाने गेले होते, आणि प्रत्येक जण सरासरी तीन मिनिटं बोलला होता.

कुणाशी?

तिने नियमांची यादी उघडली. कल्याणचा लँडलाइन नंबर, आणि त्याच्यासमोर तिनेच लिहिलेली टीप: तात्पुरता, सोमवारी विचारणे.

तो शनिवार तिला लख्ख आठवला. तीन तारीख. जुन्या एक्स्चेंजच्या झाकणाला आतून एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता, त्यावर तीन नंबर होते. तिसरा कुणाचा, असं तिने काउंटरवरच्या कल्पिताला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्याचा असेल." सेंटरच्या प्रमुख डॉ. प्राची आत पेशंटजवळ होत्या. पाच वाजायच्या आत काम संपवायचं होतं. योगिनीने नंबर टाकला, काउंटर आणि नर्सची खोली दोन्ही मुद्दाम गुंतवून ठेवली आणि स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावून बघितला. तिसऱ्या मार्गावर घंटी वाजली. एक पुरुषी आवाज "हॅलो" म्हणाला. तिने फोन कट केला आणि तपासणीच्या कागदावर बरोबरची खूण केली. सोमवारी तिला भिवंडीच्या एका गोदामात जावं लागलं. ती टीप राहिली ती राहिलीच.

तिने डॉ. प्राचींना फोन लावला आणि नंबर वाचून दाखवला.

"हा आमच्या आधीच्या डॉक्टरांच्या क्लिनिकचा होता," त्या म्हणाल्या. "ते क्लिनिक बंद करून चार वर्षांपूर्वी नाशिकला गेले. का हो?"

"एक तपासायचं होतं. तासाभरात कळवते," योगिनी म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला आपलीच लाज वाटली. सांगायला हवं होतं. पण काय सांगणार, तेच तिला अजून माहीत नव्हतं.

तिने आधी तो नंबर काढून टाकला. त्या जागी रेकॉर्ड केलेला आवाज ठेवला, 'कृपया थोड्या वेळाने फोन करा' म्हणणारा. मग उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, परत यादी उघडली. एक्केचाळीस. सेंटरला फोन कोण करतं? ज्यांचं रक्त आठवड्यातून दोनदा यंत्रातून साफ करावं लागतं, ती माणसं किंवा त्यांच्या घरचे. कुणी डायलिसिसची पाळी बदलून मागायला करतं, कुणी दम लागतोय म्हणून सांगायला. आणि त्यांच्याशी तीन-तीन मिनिटं भलताच माणूस बोलत बसला होता.

हितेश भोईर जेवून आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. कंपनी त्याची. कोलशेतला त्याच्या आजोबांची भातशेती होती, तिथे आता टॉवर उभे होते, पण हितेशला बसून खाणं जमायचं नाही म्हणून त्याने हा धंदा काढला होता. वाईट माणूस नव्हता तो.

"नंबर काढलास ना?" त्याने विचारलं.

"काढला."

"मग झालं की. हे बघ, त्यांच्या कागदावर होता तो आपण टाकला. त्यांनी तपासणीच्या कागदावर सही केलीय. आपल्या अंगाला कशाला लावून घेतेस?"

"तिकडे कोणीतरी उचलत होतं, हितेश. एकूण एक कॉल."

"मग फोन कर, सॉरी बोल, विषय संपव."

तिने जिन्यात जाऊन फोन लावला. दुसऱ्याच घंटीला तिकडून आवाज आला, म्हातारा पण खणखणीत. "नमस्कार. हे सेंटर नव्हे. तुमचं नाव, पेशंटचं नाव आणि तुमचा नंबर सांगा. निरोप संध्याकाळी पोचेल. तातडीचं असेल तर तसं आधी सांगा."

"मी... एक मिनिट," योगिनी म्हणाली.

"बोला, बाई. दुसरा फोन येईल."

"मी फोनवाल्या कंपनीतून बोलते. तुमच्याकडे सेंटरचे कॉल येतात ते... ते आमच्यामुळे येतात."

तिकडे कसलीतरी पानं उलटल्याचा आवाज आला. मग तो माणूस म्हणाला, "विठ्ठलवाडीला या. एस.टी. डेपोच्या मागची गल्ली, तळमजला, गुणाजी सकपाळ विचारा. हे फोनवर बोलण्यासारखं नाही."

तिने हितेशला न विचारता स्कूटर काढली. मुंब्र्याचा बायपास, मग शीळफाटा. शीळफाट्याला कंटेनरच्या दोन रांगांमध्ये ती वीस मिनिटं अडकली. पुढचा ट्रक हलत नव्हता आणि तिचा डावा पाय मात्र स्वतःशीच जमिनीवर आपटत होता. दोनदा तिने मोबाइल काढून सेंटरचा फोन कुठल्या मार्गाने जातोय ते बघितलं. दोन्ही वेळा काउंटरवरच उचलला गेला होता. तरी तिसऱ्यांदा बघितलं.

गुणाजी सकपाळ दारातच उभे होते. सत्तरीच्या पुढचे, काटक, इस्त्रीचा पांढरा सदरा. मूळचे खेडजवळच्या गावचे, एस.टी.त एकतीस वर्षं कंडक्टर. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. पुण्याच्या मुलीने घरात इंटरनेट घेऊन दिलं तेव्हा त्याच्याबरोबर हा लँडलाइनचा नंबर आपोआप मिळाला होता. कुणीतरी सोडून दिलेला नंबर, फिरून त्यांच्याकडे आलेला.

त्यांनी पाणी दिलं आणि समोर एक लांबट वही ठेवली. तारीख, वेळ, नाव, नंबर, निरोप, पोच. रेघा पट्टीने मारलेल्या. पहिली नोंद तीन तारखेची: दुपारी ४.१०, एक बाई किंवा पुरुष, बोलले नाहीत.

ती नोंद वाचताना योगिनीने मान खाली घातली. "ती मीच," ती म्हणाली. "मी तपासायला लावलेला."

"आणि ठेवून दिलात?"

"हो."

त्यांनी वही स्वतःकडे ओढून घेतली. मग एकदम बोलायला लागले, आणि त्यांचा आवाज चढत गेला. "वीस दिवस, बाई. वीस दिवस मी दोन तासांच्या वर घर सोडलेलं नाही. मुलगी म्हणते पुण्याला या, मी नाही गेलो. माणूस संडासात असावा आणि फोन वाजावा, आणि पलीकडे कुणाला तरी दम लागलेला असावा, हे काय असतं ते तुम्हाला कळायचं नाही. पहिले दोन दिवस मी राँग नंबर म्हणून ठेवून दिले. तीच माणसं परत लावायची, परत माझ्याकडेच. एक बाई रडायला लागली. म्हणाली, ठेवू नका हो, एवढंच सांगा की आज मशीन चालू आहे का. आता मला काय माहीत? म्हणून मग लिहून घ्यायला लागलो."

"वायर काढून ठेवायची होती, काका."

"काढली होती. अर्धा तास. मग परत लावली. काढून बसवेना."

रोज संध्याकाळी साडेपाचला, फोन यायचे थांबले की, ते बसने कल्याणला जात आणि दिवसभराचे निरोप चिठ्ठ्यांवर उतरवून सेंटरच्या काउंटरवर देत. तिथल्या मुलीला त्यांनी सांगितलं होतं की तुमचे फोन माझ्या घरी वाजतात. ती म्हणाली होती, काका, आमचे फोन आमच्याकडेच वाजतात, हा बघा वाजतोय. आणि खरोखरच त्या वेळी काउंटरवरचा फोन वाजत होता. पोच म्हणून त्यांनी तिच्याकडे सही मागितली. पहिले सहा दिवस तिने हसून दिली. सातव्या दिवसापासून म्हणाली, ठेवा काका, देते आत.

"हे ठीक आहे," गुणाजी म्हणाले. त्यांनी वहीचं पान उलटलं आणि एका नोंदीवर बोट ठेवलं. ती लाल शाईत होती. "ह्याचं मला सांगा."

बारा तारीख, सोमवार, दुपारी १.२५. ऐश्वर्या. सासू बायजाबाई. ज्या हातातून डायलिसिस होतं त्या हाताला सूज, लाली, ताप. बुधवारची पाळी आजच मिळेल का. तातडीचं.

"संध्याकाळची वाट नाही बघितली मी. रिक्षा करून तासाभरात पोचलो. चिठ्ठी दिली, तोंडाने सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टरांना सांगते. मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी रात्री ऐश्वर्याबाईंना फोन केला, तर बंद. तेव्हापासून रोज करतोय. अकरा दिवस बंद. झोप लागत नाही मला. त्या म्हातारीचं काय झालं, तेवढं मला शोधून द्या. तुमची माफी नको मला."

योगिनीने वही हातात घेतली. बसून राहणं तिला शक्यच नव्हतं. "चला," ती म्हणाली.

स्कूटर गुणाजींच्या दारातच ठेवून ती दोघं रिक्षाने साडेतीनला कल्याणच्या सेंटरमध्ये पोचली. काउंटरवर कल्पिता होती. गुणाजींना नेहमीच्या वेळेआधी आणि तेही फोनवाल्या बाईंबरोबर आलेलं बघून तिचा चेहरा बदलला. योगिनीने तिला थोडक्यात सगळं सांगितलं. कल्पिताने खालचा खण उघडला. चिठ्ठ्या क्लिप लावून ठेवलेल्या होत्या. पाळी बदलण्याचे निरोप तिने बहुतेक सगळे आत कळवलेले होते, कारण ते खरे निघायचे. पेशंटनी असं काही ह्या काकांजवळ बोलून ठेवलं असेल, असं तिला वाटायचं. बारा तारखेची चिठ्ठी त्या गठ्ठ्यात नव्हती. ती तिला नोंदवहीच्या खाली सापडली, घडी तशीच.

"मी देणार होते," कल्पिता म्हणाली. "तेवढ्यात खिडकीजवळच्या बेडवरच्या काकांचं बीपी एकदम पडलं. सगळे धावले. मी पण गेलेले आत. नंतर..."

डॉ. प्राची बाहेर आल्या. उंच, शांत बाई, पण चिठ्ठी वाचताना त्यांचा चष्मा दोनदा वर गेला. त्यांनी पाळ्यांची नोंद काढली. बायजाबाई चौदा तारखेपासून आलेल्याच नव्हत्या. तीन पाळ्या चुकल्या होत्या. "एकदा फोन केला होता आम्ही, बंद लागला. गावाला जातात कधीकधी, कुठे जवळ सोय असली तर तिकडे करतात. मला तसंच वाटलं," त्या म्हणाल्या. मग बोलणं थांबवून त्यांनी पत्ता लिहून दिला. "उंबर्डे. तळ्याच्या अलीकडे. आत सहा पेशंट मशीनवर आहेत, मी हलू शकत नाही. तुम्ही जाल? काय असेल ते मला लगेच कळवा. काहीही असलं तरी."

रिक्षात गुणाजी वही मांडीवर घेऊन बाहेर बघत होते. योगिनी मात्र सारखी बोलत राहिली. तीन पाळ्या म्हणजे काय, तेवढं माणूस काढू शकतं का, दुसरीकडे गेल्या असतील, नक्की गेल्या असतील. रिक्षावाल्याने आरशातून एकदा मागे बघितलं. दुर्गाडी किल्ल्याच्या अलीकडे सिग्नलला थांबल्यावर तिला वाटलं उतरावं आणि धावत सुटावं. तेवढ्यात हितेशचा फोन आला, कुठे आहेस म्हणून. ती म्हणाली, "उंबर्ड्याला चाललेय," आणि त्याने पुढे काही विचारायच्या आत ठेवला.

उंबर्ड्याचं जुनं गाव नव्या इमारतींच्या मधोमध अजून टिकून होतं. तळ्याच्या अलीकडे विचारल्यावर एका माणसाने हाताने घर दाखवलं. ओटीवर खाटेवर एक म्हातारी उशीला टेकून बसली होती. मानेला जाड पांढरी पट्टी, त्यातून दोन नळ्यांची टोकं बाहेर आलेली. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत बांधलेला.

गुणाजींनी ओटीच्या पायरीवर हात टेकला. "बायजाबाई?"

"कोन आलंय गो?" म्हातारीने आत हाक मारली.

आतून तिशीची एक बाई हात पुसत आली. तीच ऐश्वर्या. गुणाजींनी आपलं नाव सांगितलं आणि ते विठ्ठलवाडीचे, फोनवरचे, असं म्हणाले. तिने त्यांना आवाजावरून ओळखलं. आत बोलावलं नाही, पण खुर्ची दिली.

"मी सेंटरला लावला, तुम्ही उचललात," ती उभ्यानेच बोलायला लागली. "तुम्ही सरळ सांगितलेलं, मी सेंटरचा नाही, पण आत्ता रिक्षाने जाऊन सांगतो. मला वाटलं, एवढं कोण करतं? हा माणूस जाणार म्हणजे जाणार. म्हणून मी थांबले. आता फोन येईल, मग येईल. सोमवार गेला. मंगळवारी दुपारी हे म्हणाले, ठाण्याला नेऊया, तर मी म्हटलं, थांबा, डॉक्टरांचा फोन येणाराय. संध्याकाळी सासूबाईंची शुद्ध हरपायला लागली. उचलताना माझा मोबाइल पाण्याच्या बादलीत पडला. तो गेलाच."

"मग?" योगिनीने विचारलं.

"ठाण्याला ॲडमिट केलं. नऊ दिवस. परवा घरी आणलं. हात वाचला, पण हातातली डायलिसिसची नस गेली. परत ऑपरेशन करायचं, दुसऱ्या हाताचं. तोवर ह्या मानेतल्या नळीने." तिने सासूच्या पाठीमागची उशी सारखी केली. "कोणी उचललाच नसता ना फोन, तर मी सोमवारीच नेलं असतं त्यांना."

ती रागाने बोलली नाही. म्हणूनच ते ऐकवेना. गुणाजींनी वही मांडीवर घट्ट धरली होती. "मी गेलो होतो हो," ते म्हणाले. "तासाभरात गेलो होतो. पण चिठ्ठी देऊन परत आलो. डॉक्टर बाहेर येईपर्यंत उभं राहायला हवं होतं मी तिथं."

"काका, तुमचं काही चुकलेलं नाही," योगिनी म्हणाली. मग ती ऐश्वर्याकडे वळली. "तो नंबर मी टाकला. कुणाचा आहे ते न विचारता. सोमवारी विचारणार होते, विसरले. सेंटरचे फोन ह्यांच्याकडे जात होते ते माझ्यामुळे."

ऐश्वर्याने तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. बोलली ती म्हातारी.

"मंग आता नंबर कंचा लावाचा?"

"तोच, आजी. सेंटरचा. आता बरोबर लागेल."

"लाव. माज्यासमोर लाव."

योगिनीने लावला. काउंटर गुंतलेला होता. नर्सच्या खोलीत घंटी वाजत राहिली, कुणी आलं नाही. मग तिनेच दुपारी भरलेला आवाज सुरू झाला. तिने फोन स्पीकरवर टाकला होता. कृपया थोड्या वेळाने फोन करा.

"ही टेप हाय गो," बायजा म्हणाली. "टेपला मी कं सांगू, माजा हात सुजलाय?"

योगिनी ओटीच्या कडेला बसली, पाठपिशवीतून लॅपटॉप काढला, मांडीवर उघडला आणि डॉ. प्राचींना फोन लावला. आधी म्हातारी जिवंत असल्याचं सांगितलं. पलीकडे डॉक्टरांनी मोठ्याने श्वास सोडला. मग ऐश्वर्याने सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं, ऑपरेशनचंही. आणि मग म्हणाली, "मॅडम, तिसऱ्या मार्गावर मला माणूस हवाय. टेप नको, कुणाच्या घरचा फोन नको. सेंटरमध्ये ड्युटीवर जी नर्स असेल तिच्या खिशात एक मोबाइल हवा, जो ती ठेवून कुठे जाणार नाही."

"उद्या बघू का? मीटिंग घेऊन ठरवते."

"आत्ता, मॅडम. मी पेशंटच्या घरी बसलेय."

पलीकडून कुणाला तरी मशीनकडे बघायला सांगितल्याचा आवाज आला. मग डॉ. प्राची म्हणाल्या, "माझा स्वतःचा दुसरा नंबर घ्या आज. उद्या सकाळी नवीन मोबाइल आणते, ड्युटीच्या नर्सकडे राहील. आजची रात्र माझ्याकडे."

योगिनीने नंबर भरला, परत वाचला, डॉक्टरांकडून आकडा आकडा परत म्हणवून घेतला. मग ऐश्वर्याच्या नव्या मोबाइलवरून सेंटरला लावायला सांगितलं. तीनदा लावलं. पहिल्यांदा काउंटरवर कल्पिताने उचलला. दुसऱ्यांदा नर्सने. तिसऱ्यांदा योगिनीने आधी फोन करून दोन्ही ठिकाणी उचलू नका म्हणून सांगितलं, आणि डॉ. प्राची स्वतः बोलल्या. बायजाने मोबाइल कानाला लावला आणि त्यांना आपला हात, ताप, मानेतली नळी, सगळं पहिल्यापासून सांगितलं. पाच-सहा मिनिटं. डॉक्टर मध्ये एकदाही 'हो, कळलं' म्हणाल्या नाहीत, नुसत्या ऐकत होत्या. शेवटी उद्या सकाळी आठची पाळी ठरली.

निघताना ऐश्वर्या दारापर्यंत आली. गुणाजींना म्हणाली, "काका, परत या." योगिनीला काही म्हणाली नाही.

रिक्षा मिळेपर्यंत ती दोघं तळ्याच्या कठड्याशी उभी राहिली. "आता माझ्याकडे नाही ना येणार?" गुणाजींनी विचारलं.

"नाही येणार."

"तरी मी हा नंबर परत करणार. नवीन घेणार. आणि मुलीखेरीज कुणालाही देणार नाही." ते खरंच तसं करतील हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पुढच्याच आठवड्यात ते पुण्याला गेले आणि पंधरा दिवस राहिले.

योगिनीने त्या रात्री घरी, डोंबिवलीला, पानभर अहवाल लिहिला. काय चुकलं, कुणी चुकवलं, कुणाला काय भोगावं लागलं. तो हितेशला आणि डॉ. प्राचींना एकाच वेळी पाठवला, म्हणजे हितेशला अडवता येऊ नये. हितेश तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. महिन्याभराने सेंटरने काम दुसऱ्या कंपनीला दिलं. त्या दिवशी तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "उरलेल्या सतरा ठिकाणांचं काय?"

"मला सोमवारपासून तेच करू दे," ती म्हणाली. "नवीन कामं दुसऱ्या कुणाला दे."

त्याने मान हलवली आणि गेला. ती सतरा ठिकाणी फिरली. चार ठिकाणी जुन्या कागदावरून उचललेले नंबर सापडले. एक बंद पडलेल्या साडीच्या दुकानात वाजत होता, बाकीचे कुठेच नाही. सगळे बदलले, सगळीकडे माणूस समोर उभा करून तपासले. तरी स्वस्थता म्हणून येईना. जेवताना मध्येच उठून ती लॅपटॉप उघडायची. तिची आई सुमती एकदा म्हणाली, "घरात असतेस, पण बसलेली दिसत नाहीस गं कधी." योगिनीने हसल्यासारखं केलं आणि परत कॉलची यादी बघितली.

दोन महिन्यांनी बायजाच्या उजव्या हाताचं ऑपरेशन ठरलं, ठाण्यातल्याच एका हॉस्पिटलात. तारीख डॉ. प्राचींनी कळवली. योगिनी ऑफिसला जायच्या आधी तिथे गेली. कशाला, ते तिला नीट सांगता आलं नसतं. तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर ऐश्वर्या एकटीच होती, मांडीवर फाइल घेऊन. नवरा कामावरून यायचा होता. योगिनी दोन जागा सोडून बसली. अर्धा तास गेला. मग एका नर्सने येऊन औषधाची चिठ्ठी दिली, ताबडतोब आणा म्हणाली. ऐश्वर्या उठली, इकडेतिकडे बघितलं, आणि फाइल योगिनीच्या हातात दिली.

"धरा जरा."

ती जिन्याने खाली गेली. योगिनी फाइल दोन्ही हातांत धरून बसली. पाच मिनिटंही झाली नसतील, थिएटरचं दार उघडलं आणि हिरव्या कपड्यांतला एक तरुण डॉक्टर बाहेर आला.

"बायजाबाईंच्या घरचं कोण?"

योगिनी उभी राहिली. "त्यांची सून खाली औषधं आणायला गेलीय."

"बरं, मग तुम्हीच सांगा त्यांना, आम्हाला जरा..."

"नाही, थांबा," योगिनी म्हणाली. "इथेच थांबा. मी बोलावते त्यांना." आणि फाइल छातीशी धरून ती दोन-दोन पायऱ्या उतरत खाली धावली.